आकाश जळलं तर जळू दे

बाबा, तुमची रंगीत स्लाइड फिल्म, प्रोजेक्टरने भिंतीवर पाडून बघायची ती, परत आली आहे. तीच, जिचा शेवटचा रोल धुऊन आला तेव्हा तुम्ही कॅमेरा पिवळ्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलात आणि "आता पुरे" म्हणालात. कंपनीने ती बंद केली होती आणि तुमच्या लेखी तिच्याबरोबर फोटोग्राफीही बंद झाली. मी वाढदिवसाला डिजिटल कॅमेरा दिला तर तुम्ही तो एक्स-रे बघावा तसा उजेडाकडे धरून बघितलात, "चूक पुसता आली की माणूस विचार करायचा थांबतो," म्हणालात आणि परत खोक्यात घातलात. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी कुणाला तरी उपरती झाली आणि स्लाइड पुन्हा दुकानात दिसू लागली. तुम्ही असता तर आधी शंकाच काढली असती, की फिल्म जुनी आहे की नुसतं नाव जुनं. पण मी तुम्हाला बातमी द्यायला लिहीत नाहीये. मी भांडायला लिहिते आहे, आणि तेही तुम्हीच रविवारी सकाळी शुद्धलेखन घालून शिकवलेल्या मराठीत.

इथे मिल्टन कीन्सला आमचा फिल्मवाल्यांचा एक छोटा क्लब आहे, चर्चच्या हॉलमध्ये जमतो. फिल्म आली त्या आठवड्यात तिथे लग्नघर आणि सुतकघर एकाच छपराखाली होतं. इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक आहेत, ते रोलच्या डबीचं झाकण उघडून वास घेत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या शेजारचे गृहस्थ हाताची घडी घालून बसलेले. फिल्म बंद झाली तेव्हा त्यांनी वैतागून प्रोजेक्टर विकला होता. "एकदा टाकून गेले ना आपल्याला? परत जातील," एवढंच ते म्हणत होते. कुणाला निळा रंग जास्त वाटला, कुणाला किंमत. आयटीत काम करणारी एक मुलगी मात्र हरखून गेलेली, "नो अनडू! आय लव्ह इट!" या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. शिक्षकांनी मला एक रोल देताना बजावलं, "प्रोटेक्ट युअर हायलाइट्स, लव्ह. स्लाइड डझन्ट फर्गिव्ह." म्हणजे उजेडाची बाजू सांभाळ, कारण जास्त उजेडाने आकाश जळलं की फिल्मवर त्या जागी काहीच उरत नाही, नुसतं काचेसारखं आरपार. माझ्या मस्तकात तिडीक गेली. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. पण हेच वाक्य मी वॉटफर्डच्या आपल्या घरात मराठीत ऐकत मोठी झाले होते.

माझ्या लहानपणची एक रविवारची दुपार आहे. फ्रंट रूमचे पडदे ओढलेले, इल्फर्डहून दोन कुटुंबं आलेली, सगळे तुमच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर आणि त्यांच्या बायका. प्रोजेक्टरचा पंखा घरघरतो आहे, तापलेल्या धुळीचा वास येतो आहे. तुम्ही उभे राहून एकेक स्लाइड पुढे सरकवता. हे लेक डिस्ट्रिक्ट, हे स्नोडन, हा स्कॉटलंडचा बर्फ. ढगांची कड न् कड दिसते, पाण्यावरची सुरकुती दिसते, आणि सगळ्यांच्या तोंडून "वा!" निघतं. प्रत्येक चित्रात आई आहे. डोंगराकडे पाठ करून, उजेड मागे घेऊन, साडीवर कोट घालून ती उभी आहे. कोटाचं बटण दिसतं, पदराची जर चमकते, आणि मानेच्या वर जिथे चेहरा असायला हवा तिथे काळा ठिपका आहे. "वहिनींचा कोट फार छान आलाय हं," कुणीतरी म्हणतं आणि हशा पिकतो. तुम्हीही हसता. आई स्वयंपाकघराच्या दारात चिवड्याची परात घेऊन उभी असते, तीही हसते. मला त्या हसण्याचा राग यायचा. अजून येतो.

शेवटी एकदा मी सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, आईचा चेहरा का नाही दिसत?" तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, "आकाश जळलं असतं." निदान सांगावं तसं, पुढे बोलायची सोय नाही. त्याच उन्हाळ्यात वेल्सला तुम्ही तळ्याच्या चकाकीवर उजेड मोजायचा लाइट मीटर रोखून आकडा बघत होतात, तेव्हा मी म्हटलं, तो मीटर आईच्या चेहऱ्याजवळ धरा ना, म्हणजे तो नीट येईल. तुम्ही मला झापलंत. "ही फिल्म गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी केलीय. तिला आपले चेहरे कळत नाहीत. जे तिला जमतं ते तरी तिच्याकडून नीट करून घेऊ दे. मध्ये बोलू नकोस." मग गाडीत बसल्यावर थोडे नरमलात आणि समजावलंत, की या स्लाइड सुट्टीत आपल्याबरोबर पुण्याला जाऊन येतात, आजोबा त्या भिंतीवर पाडून वाड्यातल्या, शेजारच्या सगळ्यांना दाखवतात. तुझी आई कशी दिसते ते त्यांना माहीत आहे. इथलं आकाश कसं दिसतं ते माहीत नाही.

तेव्हा मला हे पटलं होतं. आज पटत नाही, बाबा. तुम्हाला कळत होतं की ही फिल्म आपल्या लोकांना अंधारात ढकलते, आणि कळून तुम्ही तिचीच बाजू घेतलीत. हॉस्पिटलात कुणी तुमच्या पेशंटकडे एवढं दुर्लक्ष केलं असतं तर तुम्ही वॉर्ड डोक्यावर घेतला असता. कागदावरचे फोटो तुम्हाला नको असायचे, ते म्हणे लॅबवाल्याच्या मर्जीचे. म्हणून आईच्या तरुणपणाचं आपल्याकडे काय आहे? लग्नाचा एक फोटो, त्यात ती मान खाली घालून बसली आहे. मी शाळेत जात होते तेव्हा माझी आई कशी दिसायची हे मला आता धड आठवत नाही, आणि घरात सबंध कपाटभर स्लाइड आहेत. आकाश मात्र प्रत्येक वर्षाचं जपून ठेवलेलं आहे.

म्हणून मी तो रोल तुमच्याच कॅमेऱ्यात घातला आणि आईला घेऊन चिल्टर्नच्या टेकडीवर गेले. गुडघ्यांमुळे तिला चढवत नाही, पण तिथे गाडी वरपर्यंत जाते. तुम्ही तिला काय शिकवून ठेवलं आहे ते बघायला हवं होतंत. गाडीतून उतरली ती सरळ कठड्यापाशी गेली, दरीकडे पाठ केली, दोन पावलं डावीकडे सरकली, हनुवटी वर केली आणि दगडासारखी उभी राहिली. "मागे व्ह्यू येतोय ना?" तिने विचारलं. मी जवळ गेले. आणखी जवळ गेले. "अगं, एवढ्या जवळ काय येतेस? डोंगर दिसायला नको?" मी मीटर तिच्या गालापाशी धरला. "आणि हे काय? ब्लड प्रेशर घेतेस?" मी म्हटलं, हलू नकोस. आकडा बघून तिला माझ्याइतकंच कळलं, इतकी वर्षं तुमच्या शेजारी उभी राहून तेवढं तिनेही उचललं आहे. हळूच म्हणाली, "आकाश जळेल गं. हे नेहमी म्हणायचे." मी म्हटलं, "जळू दे." त्यावर ती हसली, चिवड्याच्या परातीमागचं ते हसू नव्हे, दुसरंच. ते मी टिपलं.

स्लाइड पोस्टाने आल्या त्या मी आधी क्लबात लावल्या. मुद्दामच. पडद्यावर आई आली, कपाळावरची टिकली, चष्म्याने नाकावर पडलेले दोन खळगे, ओठावरचा तीळ, सगळं स्वच्छ, आणि मागे दरी नाही, ढग नाहीत, पांढरंफटक. शिक्षक हळहळले, "शेम अबाउट द स्काय." मी म्हटलं, दॅट्स माय मदर, आणि आकाश काय, बाहेर गेलं की दिसतं. जरा तोडूनच बोलले. प्रोजेक्टर विकलेले गृहस्थ मात्र हाताची घडी सोडून पुढे वाकले होते.

मग गेल्या रविवारी वॉटफर्डला गेले, फ्रंट रूमचे पडदे ओढले आणि तुमच्या प्रोजेक्टरवर आईला तिची स्लाइड दाखवली. ती चहाचा कप हातात धरून बसली होती. मला वाटलं, "सगळं पांढरं झालं, कुठे गेलो होतो ते कळणार कसं" म्हणेल. कप खाली ठेवून ती उठली, भिंतीपाशी गेली आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. तिची सावली मध्ये आली तशी बाजूला झाली. "एवढी म्हातारी झाले मी?" म्हणाली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले तर तिने हातानेच थांबवलं. "तसं नाही गं. म्हातारी झाले त्याचं काही नाही. पण यांनी तेव्हाही एकदा जळू द्यायला हवं होतं." एवढंच. तुमच्याबद्दल वावगं असं काही मी तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग ती परत येऊन बसली आणि गार झालेला चहा प्यायली.

तुम्ही यावर काय म्हणाला असता ते मला माहीत आहे, आणि त्या उत्तराने माझं समाधान होणार नाही. मी आणखी रोल मागवले आहेत. आईला दर महिन्याला बाहेर नेणार आहे, आणि दर वेळी मीटर तिच्या गालापाशी धरणार आहे. क्लबवाले कितीही हळहळू देत. ही फिल्म पुन्हा बंद होईल तेव्हा होईल, तोवर ती आमच्या मनासारखी चालेल.

हे पत्र पोस्टात टाकायचं कुठे, म्हणून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवते आहे, पिवळ्या फडक्याखाली. एक गोष्ट आईला सांगितलेली नाही, क्लबातही नाही. रोलच्या शेवटी एक फोटो उरला होता. तोवर ढग फुटून उन्हाची तिरीप दरीत उतरली होती, आई कंटाळून पुन्हा कठड्यापाशी जाऊन उभी राहिली होती, आणि मी दोन पावलं मागे सरकून मीटर उजेडाकडे रोखला. तुम्ही धरायचात तसाच. ती स्लाइड मी वेगळी काढून ठेवली आहे. आई त्यात काळी आली आहे. पण आकाश काय आलंय, बाबा.