उजव्या घोट्याचा निर्णय रुग्णास विचारून घेण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
जनहितवर्धिनी धर्मादाय रुग्णालय,
ता. जि. रत्नागिरी.

दि. २७ मार्च २०२५

विषय : पुरुष अस्थिरोग कक्षातील रुग्ण श्री. सुजय पाल्ये यांच्या घोट्याची शस्त्रक्रिया कोणती करावी, हे त्यांना स्वतःला विचारण्याबाबत.

संदर्भ : डॉ. नबील काझी यांची नातेवाइकांशी झालेली चर्चा, दि. २४ मार्च.

महोदय,

शनिवार, दि. १५ मार्च रोजी सकाळी साडेनऊ वाजता आमच्या गावची शिमग्याची पालखी पाखाडीच्या पायऱ्या उतरत होती. पुढचा दांडा माझे पती सुजय यांच्या खांद्यावर होता. त्यांचा उजवा पाय चिऱ्याच्या दोन पायऱ्यांमधील फटीत अडकून घोट्यातून फिरला. पालखी जमिनीला टेकू द्यायची नसते. दुसरा खांदा येईपर्यंत त्यांनी दांडा सोडला नाही. डॉ. काझी यांच्या मते पाय फिरला तेव्हा हाड मोडले असावे. चुरा झाला तो त्यानंतर, वर वजन असताना. पालखी टेकली नाही.

१. त्याच दिवशी पायाला बाहेरून सळ्यांची चौकट बसविण्यात आली. ती तात्पुरती आहे. सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडू लागल्या की पुढची शस्त्रक्रिया करायची, असे सांगण्यात आले.

२. पुढे पर्याय दोन आहेत. पहिला, घोटा उघडून तुकडे जुळवायचे व प्लेट आणि स्क्रू बसवायचे. यात सांधा राहतो व पाय वाकण्याची आशा राहते. मात्र कातडी नाजूक झालेली असल्याने जखम चिघळू शकते, आणि सांधा पुढे झिजून दुखू शकतो. दुसरा, टाचेतून सळई घालून सांधा कायमचा जोडून टाकायचा. पाय भार घेईल, पण घोटा वाकणार नाही. माझे पती एसटीच्या दापोली आगारात चालक आहेत. ब्रेक उजव्या पायाने दाबावा लागतो.

३. माझे चुलत सासरे श्री. सदू पाल्ये हे गावचे मानकरी आहेत. पाय देवाच्या कामात गेला, तेव्हा त्याचे काय करायचे ते देवच सांगेल, कौल लावू, असे त्यांचे म्हणणे आहे. परंतु कौल देवळात लागतो आणि देव सध्या पालखीत बसून घरोघर फिरत आहेत. पाडव्याला, म्हणजे दि. ३० मार्च रोजी, ते देवळात परततील. ही फिरती थोडी आवरती घेता येईल का, असे डॉ. काझी यांनी विचारले. त्यावर "ओ डॉक्टर, तुमचा राउंड चुकत नाय ना, तसा त्याचापण नाय चुकत," असे उत्तर सदूकाकांनी दिले. डॉक्टरांनी मान डोलावली.

४. माझे दीर श्री. विनीत मुंबईस असतात. त्यांनी एक्स-रेचा फोटो गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकून मतदान ठेवले. प्लेट पुढे आहे. मतदान बंद झालेले नाही.

५. ही सर्व बोलणी रुग्णाच्या खाटेच्या पायथ्याशी झाली. रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहेत. भरलेली बस घाटातून उतरवताना ते कोणाचे मत घेत नाहीत. तरीही संमतीपत्र आले तेव्हा कक्षातून "घरातलं मोठं कोण आहे?" अशी विचारणा झाली, आणि कागद सदूकाकांकडे गेला. भेटीला येणारी माणसे आधी पायाला नमस्कार करतात, मग तोंडाकडे पाहतात. काल एका बाईंनी चौकटीच्या सळीत झेंडूचे फूल अडकवले. ते परिचारिकेने काढले.

६. आज सकाळी पती मला एवढेच म्हणाले, "राही, पाय वाकंल काय?" मी डॉक्टरांना विचारते म्हणाले.

तरी विनंती की, डॉ. काझी यांनी दोन्ही पर्याय, त्यांतील धोक्यांसह, माझ्या पतींना साध्या मराठीत सांगावेत. त्या वेळी खाटेजवळ नातेवाईक नसावेत. मीही बाहेर थांबेन. ते जे सांगतील ते त्यांच्याच सहीने लिहून घ्यावे. ते दुसरा पर्याय म्हणाले, तरी माझी हरकत नाही. विचार करायला वेळ मागितला, तर तोही त्यांनाच द्यावा.

आजच्या फेरीत डॉ. काझी यांनी घोट्याजवळची कातडी चिमटीत धरून पाहिली. सुरकुती पडली. उद्याच्या शस्त्रक्रियांच्या फळ्यावर माझ्या पतींचे नाव लिहिलेले आहे. नावापुढची, कोणती शस्त्रक्रिया ते लिहायची जागा कोरी आहे. पालखी आज खालच्या वाडीत आहे.

कक्षाबाहेरील बाकावर थांबलेली,
आपली नम्र,
सौ. राही सुजय पाल्ये

सोबत : रुग्णाच्या वाहन परवान्याची छायाप्रत. त्यावर त्यांची सही आहे.