हॉल रिकामा होणार नाही

टोकोरोआ,
गुरुवार, २२ जून २०२३

प्रिय तेओकोतादादा,

तुझा गुडघा कसा आहे? वहिनींनी दिलेले तारोचे कंद पोचले, रविवारी नारळाच्या दुधात शिजवले. जून-जुलैचा गारठा यंदा लवकर आला. सकाळी गाडीच्या काचेवर पाणी ओतल्याशिवाय निघता येत नाही. बाकी मी बरी आहे.

आपली घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि मी पत्र लिहितेय, याचं तुला हसू येईल. पण समोर बसलो की तू आवाज चढवतोस नि मी रडते, आणि मुद्दा राहून जातो. या वेळी तो राहायला नको.

चर्चच्या हॉलमध्ये मी चालवते त्या वर्गाबद्दल पंचमंडळाचं पत्र मिळालं. खाली सही तुझी. ‘त्या मुलीला वर्गातून काढावे, अन्यथा महिनाअखेर हॉल रिकामा करावा.’ दादा, तिला नाव आहे. टीनी. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा केक तूच कापला होतास.

तिनं काय केलं ते मला ठाऊक आहे. चोरलेली गाडी तिनंच चालवली, आणि हंसाबेनच्या दुकानाची पुढची भिंत तिनंच पाडली. हंसाबेन तेव्हा आत माल लावत होत्या. दोन हात अलीकडे असत्या तर आज आपण दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत असतो. यातलं काहीही मी धुऊन काढत नाही.

पण पंचांपैकी एकजण तरी वर्गात येऊन बसलाय का? आठ पोरं आहेत. आठही मोठ्या शाळेनं बाहेर काढलेली, पाच जणांची नावं कोर्टात. साडेआठला मी टोस्ट भाजते. आमचा नियम एकच, कुणी कुणाला ‘तू काय केलंस?’ विचारायचं नाही. टीनीच्या घोट्याला पोलिसांचं, ती कुठं आहे ते कळवणारं कडं आहे, ते रोज तासभर चार्ज करावं लागतं. ती भिंतीजवळ बसते, वायर पायाला, वही मांडीवर. पहिल्या दिवशी सगळे कड्याकडे चोरून बघत होते. तिसऱ्या दिवशी एकजण म्हणाला, “टीनी, पाय फुल झाला असेल तर माझा फोन लाव की!” ती इतकी हसली की प्लग निघाला.

वाचताना ती ओळीखाली अंगठा धरते. वाचून झालेला शब्द अंगठ्यानं झाकत जाते, कुणी परत विचारू नये म्हणून. तिचा बाप, रुआही असंच करायचा.

असो. गेल्या गुरुवारच्या बैठकीबद्दल सांगते. गावात उलटसुलट बोलतायत, तुझ्याही कानावर आलं असेल.

न्यायाधीशांसमोर जाण्याआधी घरच्यांची बैठक होते, ती. टीनी, तिची आई नूरोआ, पोलीस खात्याचा सार्जंट, बैठक चालवणाऱ्या बाई, मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक, हंसाबेन आणि मी. मुख्याध्यापकांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, “आम्हाला बाकीच्या सहाशे मुलांचा विचार करावा लागतो.” सार्जंट म्हणाला, “शाळाच नसेल तर मी कोर्टाला काय दाखवू? मग बंद दाराची संस्था. इथून पाच तासांवर.”

नूरोआ टेबलाकडे बघत होती. बाईंनी मला विचारलं, “तुमच्याकडे जागा आहे?”

तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं, दादा.

“आहे,” मी म्हटलं.

“हॉल तुमच्याकडून काढून घेतायत असं ऐकलं.”

“घेऊ देत. माझ्या घरात बैठकीची खोली आहे. आठ पोरं मावतात. नाही मावली तर सोफा बाहेर काढीन.”

तेवढ्यात हंसाबेन बोलल्या. “बाई, माझं दुकान पडलं. मला अजून झोप लागत नाही. या मुलीसाठी तुम्ही घर उघडताय. का? ती तुमची कोण?”

दादा, मी म्हणू शकले असते, की शिक्षिका आहे, माझं कामच आहे. गेली बावीस वर्षं तेच म्हणत आलेय. पण समोर टीनी बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यात रुआ.

मग मी सांगितलं. सगळं.

शहाऐंशी साली चर्चची व्हॅन मी पळवली. मी पंधरा वर्षांची होते. रुआ शेजारी बसून ‘हळू, तेपा, हळू’ म्हणत होता. पुलाजवळ व्हॅन ओढ्यात गेली. सगळ्यात आधी तू पोचलास. मला बाहेर काढलंस, मागच्या वाटेनं घरी धाडता धाडता रुआला म्हणालास, “तू पोरगा आहेस, चार फटके मारून सोडतील. हिचं आयुष्य जाईल.” तो सोळाचा होता. त्यानं मान डोलावली. त्याला अकरा महिने मुलांच्या संस्थेत ठेवलं. तिथं त्याच्यावर काय गुदरलं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. परत आला तो शाळेत गेलाच नाही, सरळ जंगलात, लाकूडतोडीला. तीन वर्षांपूर्वी कोसळत्या पाइनखाली सापडून गेला. त्याच्या मयतीत तू प्रार्थना सांगितलीस आणि मी सँडविच वाटले.

मी शिकले, बाई झाले, ते त्याच्या जिवावर.

नूरोआ एवढंच म्हणाली, “चर्चवाले त्याला जन्मभर ‘व्हॅनचोर’ म्हणत आले. लग्नाच्या दिवशीसुद्धा.”

टीनीनं माझ्याकडे बघितलं. “म्हणजे बाबांनी चालवलीच नव्हती?”

“नाही.”

ती उठून बाहेर गेली. सार्जंट मागे निघाला, तर हंसाबेननी त्याला हातानं थांबवलं. “उभी राहू दे जरा बाहेर. कुठं पळतेय ती, पायात कडं आहे.” मग बैठकीच्या बाईंना म्हणाल्या, “लिहून घ्या. हिनं माझ्या दुकानात काम करायला येऊ नये, मला ती आत नको. पण रोज सकाळी दप्तर घेऊन दुकानावरून जायचं. मान वर करून. मला ती शाळेत जाताना दिसली पाहिजे. एक दिवस दिसली नाही तर मी फोन करणार.”

ते तसंच लिहिलं गेलं. शाळेच्या रकान्यात माझा वर्ग.

शुक्रवारी टीनी आली नाही. सोमवारीही नाही. दोन्ही दिवशी हंसाबेनचा फोन आला, मी निमूट ऐकून घेतलं. मंगळवारी नऊला दार ढकलून आत आली. म्हणाली, “मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन असंही नाही. गणिताचं पुस्तक कुठाय?”

मी पुस्तक दिलं. टोस्ट तिनं घेतला नाही. बुधवारी घेतला, म्हणजे कालच. आणि कालच दुपारी न्यायाधीशांनी आमची योजना मान्य केली, सहा महिन्यांसाठी. संस्था टळली.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. टीनी वर्गात राहील. हॉलही आम्ही सोडत नाही. घर उघडीन म्हटलं ते वेळ आली तर. पण हा हॉल रुआच्या आईनंही केक विकून बांधलाय, तिच्या नातीला त्यातून कोण काढतं ते बघते. पंचांना काढायचंच असेल तर त्यांनी सोमवारी साडेआठला यावं आणि आठही पोरांना तोंडावर सांगावं, उचला खुर्च्या. मी मध्ये पडणार नाही. मी टोस्ट भाजत असेन.

तू मला वाचवलंस, दादा. त्याबद्दल सदतीस वर्षं मी तुझ्यासमोर मान खाली घालून राहिले. तू पुलावर धावत आलास ते प्रेमच होतं, मला कळतं. पण त्याची किंमत आपण दुसऱ्याच्या पोराकडून वसूल केली, आणि आता त्याच्या पोरीकडून करायला निघालोय. मी नाही करणार.

येत्या रविवारी प्रार्थना संपल्यावर मी सगळ्यांपुढे उभी राहणार आहे. पाळकांना सांगून ठेवलंय. व्हॅन कुणी चालवली ते सांगीन, रुआचं नाव घेईन, माझं घेईन. नूरोआ आणि टीनी पहिल्या बाकावर बसतील.

तुझं नाव मी घेणार नाही. ते तुझं तू घे. माझं बोलून झाल्यावर तुझ्यासाठी मी थोडा वेळ उभीच राहीन.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझीच, आणि आता कुणालाही न भिणारी,
तेपाएरू