स्थळ, दिनांक

१० जानेवारी
आजपासून शनिवारचा तास माझ्याकडे. मी कॉलेजच्या ग्रंथालयातली शिपाई, पण सर म्हणाले, "मावशी, बारावीच्या पोरींना फॉर्म भरायला तुम्हीच शिकवा, तुमचं अक्षर चांगलंय." अक्षर कसलं, नववीत शाळा सुटली. पुढचं सगळं पुस्तकांची धूळ झटकता झटकता.
अकरा पोरी. बँकेची स्लिप, हॉस्टेलचा अर्ज. शेवटी 'स्थळ' लिहा म्हटलं तर फिदीफिदी हसल्या. एक म्हणते, "मावशी, अजून आलंच न्हाई, काय लिहू?" मीपण हसले. सारिका हसली नाही. तिनं नीट 'पाटस' लिहिलं.

२४ जाने.
मुलाखतीचा सराव. मी मॅडम झाले, चष्मा लावून. सारिकाला नर्सिंगला जायचंय, पुण्याला. विचारलं, घर सोडून राहशील का?
"घर तर सोडायचंच हाय मावशी. कुठं जायचं तेवढं ठरवायचंय."
पुढचा प्रश्न विसरले.

८ फेब्रु.
सारिकाच्या घरी गेले. वडील कुरकुंभच्या कंपनीतून शिफ्ट करून नुकतेच आलेले. "हॉस्टेलात ठिवू व्हय पोरीला? लोक काय म्हणतील?"
मार्कांचं सांगितलं, तिच्या जिद्दीचं सांगितलं. काही उपयोग नाही. मग बोलून गेले, "भाऊ, नर्स झाली की स्थळं चांगली येतील. नोकरीवालीच मागतात आता."
एकदम सावरून बसले. "ह्ये पटतंय बघा, वहिनी." चहा आला. नर्सिंगच्या फॉर्मवर सही केली.
ह्यांना सांगावंसं वाटलं. जाऊन तीन वर्षं झाली तरी आधी तेच वाटतं.

३ मार्च
परीक्षा चालू. ग्रंथालय रिकामं. ह्यांची तिथी होती. दोन माणसांना जेवू घातलं.

१९ एप्रिल
सारिका आली. बाकावर टोकाला बसली.
"बाबा सगळ्यांना सांगत्यात, पोरगी नर्सिंगला जाणार. म्हणून शिरूरचं स्थळ आलं." मुलगा रांजणगावला कंपनीत, परमनंट. शिकलेली पाहिजे म्हणतात. लग्नानंतर शिकवू म्हणतात. जुलैत तिला अठरा पूर्ण, मग लगेच लग्नाचा बार.
"तुम्हीच बोलला व्हता ना बाबांना?"
रागानं नाही विचारलं. रागावली असती तर...

२० एप्रिल
परत आलेली पुस्तकं तशीच टेबलावर. हात लावला नाही.
मला नववीतून काढलं तेही स्थळ आलं म्हणूनच. ते स्थळ म्हणजे हे. चांगले निघाले. पेपर आणायचे, मी अडखळत वाचायची तर ऐकत बसायचे. आता मी त्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगू की नको जाऊ? आणि तिचंही चांगलंच निघेल, हे तरी कसं सांगू?

२२ एप्रिल
परत गेले. म्हटलं, "भाऊ, मी चुकले. स्थळाचं बोलायला नको होतं. तिला शिकायचंय, एवढंच म्हणायचं होतं."
ते हसायला लागले. "आवो वहिनी, तुमचाच शब्द खरा झाला की! तुम्ही म्हणला शिकल्यावर येतील, हितं शिकायच्या आधीच आलं!"
मनात काही काळं नाही माणसाच्या. तेच अवघड.
सारिकाची आई भाकरी थापत होती. मान वर केली नाही.

निकालाचा दिवस
सारिका कॉलेजात दुसरी. पेढे घेऊन धाकटी बहीण आली, ती नाही.

१८ जून
नर्सिंगच्या यादीत नाव लागलं. सोमवारपर्यंत दाखल व्हायचं. फोन केला, बंद. धाकटीजवळ निरोप दिला.

२० जून
आज सारिकाची आई आली. एकटीच. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला.
प्रवेशाला दाखला लागतो. लग्नाच्या नोंदणीलाही लागतो, वयासाठी. क्लार्कनं विचारलं, "शाळा सोडण्याचं कारण काय लिहू?"
ती जरा थांबली. "सगळ्यांचं लिवता तेच लिवा."
त्यानं सवयीनं 'पुढील शिक्षणासाठी' लिहिलं, शिक्का मारला.
मी जवळ गेले. "वहिनी, यादीत नाव..."
"म्हाईत हाय." दाखला पिशवीत घातला, पिशवी पदराखाली घेतली.
फाटकापर्यंत तिच्या मागं गेले. कुठं निघालात, पुण्याला की शिरूरला, हे ओठावर आलं होतं. पण मागच्या खेपेला मी बोलले होते. ती रस्ता ओलांडेपर्यंत उभी राहिले.