कॅलेंडरमागचं भोक

अहो,

कॅलेंडर भिंतीवर इतकं खाली, खुर्चीच्या उंचीवर का आलं, ते आज काढल्यावर कळलं. मागे गोळीचं भोक आहे. लेकीला विचारलं, तर रडतच सुटली. तुम्ही पिस्तुलाचं मॅगझिन काढलंत आणि "रिकामं आहे, बघ" म्हणत चाप ओढलात!

मॅगझिन काढलं तरी आत नळीत एक गोळी राहू शकते, उघडून बघायचं असतं, हे गार्ड लोकांना रोज घसा फोडून तुम्हीच शिकवता ना? आणि वर पोरीला दम, आईला सांगू नकोस म्हणून. शी! किळस आली मला तुमची.

ती खुर्चीवरून पेन्सिल उचलायला वाकली नसती, तर भिंत शाबूत राहिली असती.

तिला घेऊन दादाकडे चाललेय. घर रिकामं आहे. या वेळी तरी खोलीन्‌खोली उघडून बघा.