लेकीच्या घरचं ताट

बाभुळगाव
ता. १४ नोव्हेंबर १९५८

चि. कौसल्येस बापाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुयं पत्र पोचलं. जवाईबापूनं माह्या पायाची सूज पाह्यली म्हणून तुले कळलं, मी तर सांगणारच नव्हतो. यवतमाळच्या डॉक्टरनं रगत कमी हाये म्हणून सांगतलं. रोज वरण, पालेभाजी, ताजी भाकर खाजा म्हणे. मी इचारलं, रांधणारी बी कागदावर लिहून देता काय? हासला बिचारा.

तुई माय जाऊन दोन वर्सं झाले. कापूस वेचायचे दिवस हायेत, घरी याले दिवाबत्ती होते. मंग चूल कोण पेटवते? स्टँडावरची भजी अन् चहा, झालं जेवण. एकट्यासाठी रांधाचं मनच होत नाई. तू कायजी करू नको.

तुया बाप,
बळीराम


दारव्हा
ता. २१ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप बाबांना कौसल्येचा सा. न. वि. वि.

काळजी करू नको म्हणणं सोपं आहे. पहाटे चूल पेटवायचीच असते ना अंघोळीच्या पाण्यासाठी? मग त्याच निखाऱ्यावर मडक्यात तुरीची दाळ, हळद अन् भरपूर पाणी घालून झाकून ठेवा. वावरातून येईस्तोवर शिजते. आठ दिवसांच्या भज्यांच्या पैशात महिनाभराची मेथी येते, मी हिशेब करूनच लिहिते आहे.

खरं सांगू? इथं मी रोज अकरा माणसांचं रांधते. परवा तुम्ही बाजाराला आलात, आमच्या ओट्यावर बसलात, पाणीसुद्धा घेतलं नाही. नंतर बाजारात निंबाखाली तुम्ही भाकर-ठेचा खात होता, ते यांनी पाहिलं. लेकीला लेकरू झाल्याशिवाय तिच्या घरचं खाऊ नये, हे मलाही ठाऊक आहे. पण नऊ वर्षं झाली, बाबा. इथं या, पाय बरे होईस्तोवर राहा. सासूबाईंनीच लिहायला सांगितलं आहे.

तुमची,
कौसू


बाभुळगाव
ता. ३० नोव्हेंबर १९५८

चि. कौसूस आशीर्वाद. वि. वि.

तू सांगतली तशी दाळ ठेवली. पाणी कमी पडलं, करपली. मडकं अजून घासून राह्यलो.

तिकडं याचं म्हणते, ते जमत नाई. तुया मायनं मरेपर्यंत तुया घरचा घोट घेतला नाई. मी जेवलो तर त्याचा अर्थ काय होईल? बापानंच आस सोडली, असं लोक म्हणतील. मंग तू बी सोडशील. म्हणून मी उपाशी जातो. तुले राग येते, मले समजते.

पाय तसेच हायेत.

तुया बाप


दारव्हा
ता. ८ डिसेंबर १९५८

तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं.

तुम्ही ओट्यावरून तसेच उठून गेलात की शेजारच्या लीलाबाई येऊन विचारतात, काहून कौसल्ये, अजून काहीच नाही का? तुम्ही माझ्यासाठी आस धरता, अन् गावाला मात्र माझी रिकामी ओटी दिसते. लेकरू होईल तर होईल. नाही झालं, तर मी कोणाला आई म्हणून जेवू घालणार? बापाला तरी घालू द्या. उद्या तुम्हाला काही झालं, तर या हातचं अकरा माणसं जेवली अन् बाप तेवढा राहिला, हे मी कोणाला सांगू?

येत्या बाजाराच्या दिवशी तुमचं पान मांडते. तुम्ही जेवलात की मी जेवीन.

कौसू


बाभुळगाव
ता. १९ डिसेंबर १९५८

चि. कौसूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुया घरी जेवलो, हे शेजारच्या मारोतरावले सांगतलं. त्यो म्हणे, रीत मोडली. म्हटलं, मोडली.

दुसऱ्यांदा मेथी मांगतली तवा तू आत गेली. मले वाटलं, भाजी आणाले गेली. जवाईबापू म्हणे, रडून राह्यली. मी खाली मान घालून जेवत राह्यलो. पोरी, एवढे वर्सं मी तुले कायले उपाशी ठेवलं?

काल वरण केलं. चांगलं झालं, करपलं नाई. पण ताट घेऊन बसलो तर जेवा म्हणणारं कोणी नाई. अर्धं तसंच राह्यलं.

वेचणी झाली की महिनाभर येतो. माहं पान बैठकीत नको मांडू. चुलीपाशीच मांड, तुले पाहत जेवीन.

तुया बाप,
बळीराम