आडी महिन्यात नवऱ्यापासून वेगळी राहिली म्हणून नाकारलेल्या व्हिसाबाबत

प्रति,
मा. व्हिसा अधिकारी,
कौटुंबिक प्रवेश विभाग,
वाणिज्य दूतावास, चेन्नई.

अर्जदार : सौ. श्रीरंजनी देवेश निफाडकर, वय २९, शिक्षिका, राहणार वेस्ट मांबलम, चेन्नई.

विषय : लग्न खरे नाही असे ठरवून नाकारलेल्या कौटुंबिक व्हिसाचा फेरविचार होण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. १५ डिसेंबर २०२५ चे नकारपत्र.

महोदय,

१. आपण लिहिता की, अर्जदाराचे पहिले इंग्रजी निवेदन इतके निर्दोष आहे की ते एखाद्या एजंटाने लिहून दिलेले वाटते. सबब तिने आपले म्हणणे मातृभाषेत, स्वहस्ते लिहावे आणि आपल्या यादीतील अनुवादकाच्या इंग्रजी अनुवादासह १३ जानेवारीपर्यंत सादर करावे. अर्जदार मैलापूरच्या शाळेत सात वर्षे इंग्रजी शिकवते. चुका काढण्याचाच तिला पगार मिळतो. तिला स्वतःला चुका करता येत नाहीत हा गुन्हा असेल तर तो तिला कबूल आहे. अर्जदाराच्या घरचे मराठी तंजावरचे, निम्मे तमिळ मिसळलेले. पुस्तकी मराठी तिला वडिलांनी शिकवले आणि लग्न ठरल्यावर नवऱ्याने घासूनपुसून घेतले. या अर्जात एखादी चूक सापडली, तर आपले समाधान व्हावे.

२. अर्जदाराचा विवाह दि. ८ जून २०२५ रोजी श्री. देवेश निफाडकर यांच्याशी झाला. ते मूळचे नाशिककडचे, ओरगडमच्या मोटार कारखान्यात अभियंता होते. १४ ऑगस्टला ते तीन वर्षांच्या करारावर आपल्या देशात गेले आणि १८ ला कामावर रुजू झाले. पत्नीला नेण्याची मुभा नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांपुरतीच आहे. ती १७ फेब्रुवारीला संपते. त्यानंतर अडीच वर्षे फोनवर संसार.

३. नकाराचे पहिले कारण असे की, लग्नानंतर ३९ दिवसांतच पतिपत्नी विभक्त झाले. महोदय, ते विभक्त झाले नाहीत. आडी लागला. हा तमिळ महिना साधारण मध्य जुलैपासून मध्य ऑगस्टपर्यंत असतो. पहिल्या आडीला जावयाला जेवायला बोलावतात, वस्त्रे देतात, पायसम वाढतात, आणि मुलीला ठेवून घेऊन त्याला एकट्याला परत पाठवतात. आडीत दिवस राहिले तर बाळंतपण चित्तिरैच्या, म्हणजे एप्रिल-मेच्या, उन्हाळ्यात येते, म्हणून महिनाभर जोडप्याने एकमेकांचे तोंड पाहायचे नाही. पंखा नव्हता तेव्हा या रीतीत अक्कल असेल. अर्जदाराच्या माहेरी दोन एसी आहेत.

४. अर्जदाराने तेव्हाच वडिलांना सांगितले होते की, यंदा जावई १४ ऑगस्टला जाणार आणि आडी १६ ला संपणार, तेव्हा ही रीत यंदापुरती सोडावी. वडील म्हणाले, “तीनशे वर्षं ह्या मातीत राहिलो, हिचा आडी आमचा नाही कसा गे?” आई विशालाक्षीने पायसमला दूध आटवायला ठेवले. अर्जदार एकोणतीस वर्षांची, कमावती, चाळीस मुलांच्या वर्गाला नजरेने गप्प करणारी. तिने मान खाली घातली आणि नवऱ्याला ओरगडमला जाऊ दिले. याचा राग तिला आपल्या पत्राच्या आधीपासून आहे. आपण त्यात भर घातली, इतकेच.

५. आपल्या अर्जाच्या नमुन्यात मागील वर्षभराचे पत्ते विचारले होते. त्यात अर्जदाराने इमानदारीने लिहिले : “१७ जुलैपासून आईवडिलांकडे, पतीपासून वेगळी, कारण प्रथा.” आपल्याला नकारासाठी तेवढे पुरले. पतिपत्नींमध्ये कलह असल्याचे आपण गृहीत धरले. भांडून माहेरी आलेली बाई पत्त्यांच्या रकान्यात ‘प्रथा’ लिहील, असे आपल्याला वाटले तरी कसे?

६. दुसरे कारण आपण विमानतळावरचा फोटो दिला आहे. त्यात पतिपत्नींच्या मधोमध तिसरी व्यक्ती उभी असून दोघांत “सलगी दिसत नाही”. ती तिसरी व्यक्ती म्हणजे अर्जदाराची आई. आडी संपायला दोन दिवस होते, म्हणून ती मध्ये उभी राहिली. तिच्या हातात जावयासाठी पुळिकाच्चलची, म्हणजे भातात कालवायच्या चिंचेच्या मसाल्याची, बाटली होती. सलगीचा फोटो आपल्याला हवा होता, तर नमुन्यात तसे छापायचे होते.

७. तिसरे कारण सर्वात जड. अर्जदाराचे वडील श्री. वेंकोबा राव यांनी सप्टेंबरमध्ये साक्षीदार म्हणून चार पानी प्रतिज्ञापत्र दिले. त्यातला परिच्छेद ७ आपण आपल्या पत्रात शब्दशः उतरवला आहे : “पहिल्या आडीपासून प्रयाणाच्या दिवसापर्यंत माझी कन्या व जामात एकदाही भेटले नाहीत, हे मी शपथेवर सांगतो.” वडिलांनी हे आपले घराणे किती शिस्तीचे, ते दाखवायला लिहिले. आपण ते लग्न खोटे असल्याचा पुरावा म्हणून वापरले. बापाने कौतुकाने बोलावे आणि कोर्टाने कबुलीजबाब म्हणून लिहून घ्यावे, तशातली गत झाली.

८. आता खरे ते लिहिते. हे आजवर घरात कोणाला सांगितलेले नाही. परिच्छेद ७ खोटा आहे. त्या अठ्ठावीस दिवसांत शाळेचे वीस दिवस होते. त्यांपैकी एकोणीस दिवस श्री. देवेश शाळेत आले. सोबत्यांशी पाळ्या बदलून त्यांनी पहिली पाळी घेतली. दोनला सुटायचे, कंपनीची बस, मग लोकल, मग चालत, आणि चारच्या सुमारास शाळेचे फाटक. एक दिवस कारखान्यातली मशीन बिघडली, तेवढा चुकला. अर्जदाराने घरी जादा तास असल्याचे सांगितले होते. शाळेत येणाऱ्याला फाटकावरच्या वहीत नाव, काम आणि वेळ लिहावी लागते. इतर लोक “पालक” किंवा “फी” लिहितात. देवेश यांनी एकोणीस वेळा लिहिले : “काम – पत्नीस भेटणे.” मुख्याध्यापिका श्रीमती हेमलता यांनी साक्षांकित केलेल्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

तिथे ते काय करत होते, हेही आपण विचाराल. आठवी ब च्या रिकाम्या वर्गात बसून वह्या तपासत होते. अर्जदार लाल पेन चालवायची, देवेश गुणांची बेरीज करायचे. अभियंता असून तीनदा चुकले. आपला अर्जही त्याच बाकावर भरला गेला. “पतीपासून वेगळी” हे शब्द अर्जदाराने लिहिले, तेव्हा तिचा पती शेजारी बसून स्वतःचा पासपोर्ट क्रमांक वाचून दाखवत होता. वेगळे काही लिहिणे शक्य नव्हते, कारण घरातला प्रत्येक कागद वडिलांच्या नजरेखालून जातो.

९. वहीच्या या प्रती घेण्यास अर्जदार ७ जानेवारीला शाळेच्या कचेरीत गेली. ६ ऑगस्टच्या पानावर देवेश यांच्या नावाखाली दुसऱ्या अक्षरातली एक ओळ आहे : “वेंकोबा राव. काम – मुलीस छत्री देणे. आत ४.५०, बाहेर ४.५५.”

ते वळणदार अक्षर अर्जदार लहानपणापासून ओळखते. त्या संध्याकाळी पाऊस आला होता आणि ती भिजत घरी पोचली होती. वडिलांनी टॉवेल दिला आणि म्हणाले, “कुडै विसरलीस ना गे?” आमच्या घरी छत्रीला कुडै म्हणतात. ती दाराआड खुंटीला होती. तिच्यावरून पाणी निथळत होते, ते अर्जदाराने तेव्हा पाहिले होते. त्याचा अर्थ तिला पाच महिन्यांनी लागला.

म्हणजे वडील वर्गाच्या दारापर्यंत आले होते. त्यांनी पाहिले होते. तरीही सप्टेंबरमध्ये शपथ घेतली, आणि १५ डिसेंबरला आपले पत्र आल्यावर महिनाभर स्वतःच्याच परिच्छेद ७ समोर बसून जेवत राहिले. लोकांना काय वाटेल, या एका वाक्यापायी त्यांनी लेकीचा संसार टांगणीला लावला. महोदय, आपल्यावरचा राग अर्जदाराला व्याकरणात बसवता येतो. हा बसवता येत नाही.

१०. राहिली अनुवादाची बाब. आपल्या यादीत चेन्नईतील मराठी अनुवादक म्हणून एकच नाव आहे : श्री. वेंकोबा राव, निवृत्त न्यायालयीन अनुवादक. दुसरा शोधायला वेळ नाही आणि आपण तो मानणारही नाही. सबब हा अर्ज आज संध्याकाळी त्यांच्याच टेबलावर ठेवला जाईल. अनुवादकाने परिच्छेद ८ व ९ मऊ करू नयेत, गाळू नयेत. चाळीस वर्षे त्यांनी परक्या लोकांच्या जबान्या अक्षरशः उतरवल्या. आपल्या घराची एक उतरवून दाखवावी.

११. तरी विनंती की, वहीची प्रत पाहून नकार मागे घ्यावा आणि १७ फेब्रुवारीपूर्वी व्हिसा द्यावा. तो न दिल्यास कारणे कळवावीत, आणि या वेळी ती कुणाच्या रीतिरिवाजांत शोधू नयेत.

आपली नम्र म्हणवत नाही, तरी अर्जदार,
(सही) श्रीरंजनी देवेश निफाडकर
चेन्नई, दि. १२ जानेवारी २०२६

सोबत :
१. विवाह नोंदणी दाखला.
२. शाळेच्या फाटकावरील वहीच्या साक्षांकित प्रती, पाने १९.
३. विमानतळावरील फोटो. मधली व्यक्ती आई.
४. इंग्रजी अनुवाद, अनुवादकाच्या दाखल्यासह.

अनुवादकाचा दाखला

मूळ मराठी अर्जाचा इंग्रजी अनुवाद मी केला आहे. परिच्छेद ८ व ९ सह एकही शब्द गाळलेला अथवा बदललेला नाही.

माझ्या प्रतिज्ञापत्रातील परिच्छेद ७ मी मागे घेतो. तो लिहिताना खोटा असल्याचे मला माहीत होते. खोट्या शपथेबद्दल जी शिक्षा असेल ती माझी. तिचा भार माझ्या मुलीच्या अर्जावर पडू नये.

त्याऐवजी जे डोळ्यांनी पाहिले ते शपथेवर लिहितो. दि. ६ ऑगस्ट रोजी मी आठवी ब च्या दाराशी दोन मिनिटे उभा होतो. माझी मुलगी वह्या तपासत होती. जावयाने तिची पिशवी ओल्या बाकावर न ठेवता आपल्या मांडीवर धरली होती. मला आत जाता आले नाही, म्हणून छत्री घेऊन परत गेलो.

ते नवराबायको आहेत.

(सही) वेंकोबा राव
दि. १३ जानेवारी २०२६