पंखा शांत झाला, त्याची हकीकत

देऊळगाव राजा,
दिवाळीच्या आधीचा सोमवार, २००३

श्री. उत्तमराव यांना त्यांचा व्याही भगवंतराव याचा साष्टांग नमस्कार. मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला साष्टांग घालण्याची आपल्याकडे रीत नाही, हे मी जाणतो. माझे गुडघेही त्याला तयार नाहीत, म्हणून कागदावरच घालतो आहे. आपली प्रकृती कशी आहे? (यात्रेच्या जेवणानंतर पित्त उसळलं असेल, तर तो पुरणाचा दोष नव्हे, माझ्या जिभेचा.) सौ. विहीणबाईंचा दमा, यंदाची मिरची, विहिरीवरची मोटार, सगळं ठीक असावं. इकडे सर्व खुशाल आहेत, असं पुढे लिहायची पद्धत आहे. पण तसं लिहिलं तर पत्रात पहिल्याच परिच्छेदापासून खोटं सुरू होईल, आणि खोटं मी यंदा पुरेसं बोललो आहे.

तुम्ही अकोल्याहून सुटे भाग आणवून, जोडून घेऊन आमच्या सूनबाईला, उज्ज्वलाला, जो संगणक दिलात, त्याच्याबद्दल लिहायचं आहे. तो आमच्या पुढच्या खोलीत आला त्या दिवसापासून मी त्याच्या प्रेमात होतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. उज्ज्वला त्यावर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायची, शाळांचे प्रश्नपत्रिकांचे कागद काढायची, आणि मी शेजारी आरामखुर्चीत. त्याच्या बाजूला जाळी आहे. जाळीमागे प्रोसेसर म्हणून त्याचा मेंदू बसतो आणि मेंदूच्या डोक्यावर एक चिमुकला पंखा फिरतो. त्याची गुणगुण कानी पडली की मला थेट आमची चौथीची खोली आठवायची. गुरुजी छडी बाजूला ठेवून कवितेची चाल धरत आणि आम्ही चाळीस पोरं ओठ मिटून ती नुसती गुणगुणत असू. (शब्द पाठ नसलेल्यांची त्यात सोय होई. मला पाठ असत, तरी मी गुणगुणायचो.) त्या पंख्यावर मी दोन ओळीही केल्या होत्या: "गुणगुण करितो पंखा इवला, उन्हातला भुंगा घरात लपला." पुढचं यमक सापडेना, म्हणून काव्य तिथंच थांबलं. नोकरीतही माझं असंच व्हायचं. वाहतूक नियंत्रक म्हणून स्टँडवर तीस वर्षं मी गाड्या पुकारल्या, त्या चालीत पुकारल्या, आणि जालना गाडीला यमक जुळेपर्यंत ती कितीदा तरी सुटून गेली.

तर एके दिवशी उज्ज्वलानं मला चालू करतानाच एक बटण दाबून निळा पडदा दाखवला. त्यात त्या मेंदूचं तापमान लिहिलेलं असतं. आकडा छप्पन. मी घाबरलो. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसला गेला की कावळे चोच उघडी टाकून निंबाखाली बसतात, आणि हे छप्पन! ती हसून म्हणाली, "मामाजी, त्याले काही होत नाही. निवांत असला की पंचेचाळीसच्या आसपास राहते, काम पडलं की साठीपर्यंत जाते. सत्तरीच्या वर चढलं तं समजायचं, कुठंतरी वारा अडला. आणि लईच तापलं तं तो जळायच्या आधी आपणच बंद होते." इतकं स्वच्छ सांगितलं होतं हो तिनं. आपणच बंद होते म्हणाली. वारा अडला म्हणाली. पण माझ्या डोक्यात छप्पनच बसले. लेकराला ताप आहे आणि घरची माणसं हसताहेत, असं मला वाटत राहिलं.

मग आली खांडेनवमी. तुमच्याकडे त्या दिवशी नांगर, विळे, फवारणीचा पंप पुजतात. आमच्याकडे माझी पुकारायची जुनी शिट्टी, आमच्या सौ. सत्यभामेची शिवणाची मशीन आणि यंदा प्रथमच संगणक. उज्ज्वला तयार पत्रिका पोचवायला गेली होती. मी सोवळं नेसून बसलो. आता प्रश्न पडला की पूजा करायची कुठं, म्हणजे याचं तोंड कोणतं? काचेचा पडदा म्हणजे चेहरा, असं कुणीही म्हणेल, पण मी विचार केला, श्वास जिथून येतो ते तोंड. जाळीला हात लावला तर ऊन ऊन श्वास! तेव्हा हळदकुंकू जाळीला. झेंडूच्या पाकळ्या जाळीला. आणि अक्षता... उत्तमराव, लग्नातसुद्धा मी कधी इतक्या मोकळ्या हातानं टाकल्या नसतील. मूठ भरून "शांत हो, शीतल हो" म्हणत टाकल्या, आणि त्या खाली पडेनात, आत जाऊ लागल्या. मला वाटलं, स्वीकार होतो आहे. (पळीभर तीर्थही मी घालणार होतो, पण सत्यभामेनं पळीच हिसकली. "इजेच्या वस्तूले पाणी? काऊन जिवावर उठून राह्यले?" तिचे उपकार.)

आणि दुसऱ्या दिवशी पंखा शांत झाला.

इथं माझी मान खाली जाते. जिवंत माणसाचा श्वास थांबला तर आपण धावतो. मी मात्र शेजारच्या पंजाबरावांना बोलावून ऐकवलं की बघा, काही ऐकू येतं? काही नाही! पूजेचा गुण! पंजाबराव जन्मभर सरकीचा व्यापार करत आले, त्यांना काव्यात गती नाही, पण चमत्काराला ते नेहमी तयार असतात. त्यांनी हात जोडले. दसऱ्याचं सोनं वाटायला मी ज्या ज्या घरी गेलो, तिथं हा चमत्कार सांगितला.

त्यानंतर संगणक थोडा वेळ चाले आणि झटकन डोळे मिटी. आधी आम्ही भारनियमनाला शिव्या घातल्या (त्याला शिव्या घालायला कारण लागतच नाही). पण दिवा जळतोय आणि संगणक विझलाय, असं दिसू लागलं. उज्ज्वलानं निळा पडदा काढला, तर आकडा ब्याऐंशी. ती चिंतेत पडली. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका हातात होत्या आणि लोक दारात येऊन बसत होते. ती दुपारी जरा आडवी झाली तेव्हा मी माझा उपाय केला. माठाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार होतं. जो न्याय माठाला, तोच मेंदूला. एक पोतं भिजवून, चांगलं पिळून, मी त्या पेटीभोवती जाळीसकट घट्ट बांधलं. तिनं उठून ते पाहिलं. ओरडली नाही. आधी भिंतीतली वायर उपसली, मग पोतं सोडलं, दारात वाळत टाकलं आणि एवढंच म्हणाली, "मामाजी, हा माठ नव्हं." पण त्या आठवड्यात दोन घरं आपल्या पत्रिका उचलून दुसरीकडे गेली. तिचं तोंड सुकलं, आणि ते पाहून मला जो राग आला तो कुणावर काढावा कळेना.

तो तुमच्यावर निघाला. गावच्या यात्रेला तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात. पंगतीत आमचे मेव्हणे, भाऊबंद, पंजाबराव, सगळे. पंजाबरावांनी भजी मोडत विषय काढला, "काय म्हणतंय तुमचं इंजिन? गरम होतंय म्हणं. गरम होतंय म्हंजे माल डुबलीकेट, लिहून घ्या." आणि मी (हे शब्द मी पुन्हा लिहितो, म्हणजे शिक्षा पुरी होईल) म्हणालो, "काय करता पंजाबराव, मुलीला द्यायची वस्तू माणूस जरा पारखून घेतो. आमच्या व्याह्यांनी स्वस्तातली घेतली." तुमचा घास हातातच राहिला. उज्ज्वला वाढत होती, तिच्या हातातला तुपाचा चमचा वाटीवर टणकन आपटला. तुम्ही ताटावरून उठला नाहीत, हा तुमचा मोठेपणा. पानातलं सगळं संपवून, हात धुऊन म्हणालात, "भगवंतराव, मले काही म्हनायचं नाही. वस्तू मी घेऊन जातो. दुसरी आनून देतो." आणि पेटी खांद्यावर घेतलीत. उज्ज्वला दिवाळीला माहेरी जायचीच होती, ती दोन आठवडे आधी निघाली. आणि मी काय केलं? मी स्टँडवर येऊन, जुन्या ओळखीवर तुम्हाला खिडकीची जागा मिळवून दिली. ज्या माणसाचा पंगतीत अपमान केला त्याला खिडकी! गाडी हलली तेव्हा पेटी तुमच्या मांडीवर होती आणि तुम्ही बाहेर पाहत नव्हता.

घरी येऊन त्या रिकाम्या टेबलाखाली झाडू मारायला घेतला, तर कडेला अक्षता. जिथं जाळी होती, बरोबर तिथं. एक झेंडूची पाकळी, करपून विडीसारखी गुंडाळलेली. मी तसाच जमिनीवर बसलो. उत्तमराव, तीस वर्षं मी स्टँडवर काढली. कडब्याच्या दिवसांत गाडी हमखास गरम होऊन यायची, ड्रायव्हर खाली उतरायचा, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा हातानं ओरबाडून काढायचा आणि गाडी निमूट मेहकरकडे जायची. "जाळीत कचरा अडकल्याने गाडी उशिरा सुटेल," हे मी स्वतः, चालीत, किती उन्हाळे पुकारलं आहे! आणि घरच्या जाळीत मी स्वतःच्या हातानं मूठ मूठ कचरा घातला, त्याला चमत्कार म्हणालो, आणि तो अंगाशी आल्यावर तुमच्या माथी मारला. माल डुप्लिकेट नव्हता. तो बिचारा तर जळण्याआधी आपणच बंद होत होता. तेवढी अक्कल माझ्या जिभेला असती तर!

तेव्हा विनंती अशी, की मेकॅनिकनं पेटी उघडली नसेल तर त्याला सांगावं की आत तांदूळ, हळद आणि फुलं निघतील, त्यानं भुताटकी समजू नये. पंख्याची पाती मऊ ब्रशनं साफ करावीत. प्रोसेसर आणि पंखा यांच्यामध्ये काहीतरी मलमासारखं लावतात, असं उज्ज्वला एकदा म्हणाली होती. ते वाळलं असेल, नवं लावावं. पाण्याचा थेंब लावू नये. (हे मी सांगावं!) आणि हे सगळं शक्यतो उज्ज्वला मिरचीच्या शेतात गेली असताना करावं. ती मला मामाजी म्हणते. आतून माझी पूजा बाहेर पडताना तिनं पाहिली, तर ती पुढे काय म्हणेल, याचा विचार करायचा मला धीर होत नाही.

तुमचा लज्जित व्याही,
भगवंतराव

ता. क. वरची विनंती खरी नव्हे, ती पेटीची झाली. माझी अशी, की तुळशीच्या लग्नाला तुम्ही आमच्याकडे यावं. त्या दिवशीच्याच सगळ्या माणसांना मी जेवायला बोलावतो आहे, पंजाबरावांसकट. शब्द चारचौघांत गेला, तो चारचौघांतच परत घ्यायचा आहे. पहिल्या पंगतीत, तुमच्या पानासमोर उभा राहून. तुम्ही आला नाहीत तर मी कुणासमोर उभा राहू?

पुन्हा ता. क. पाकीट डकवण्यापूर्वी पत्र सत्यभामेला वाचून दाखवलं. (तिचं माहेर तुमचंच वडनेर, ही सोयरीक तिनं जुळवलेली; म्हणून माझ्या बोलण्याची झळ तिच्या माहेरापर्यंत पोचली आहे.) ती अक्षतांपाशी हसायला लागली ती पुढे डोळे पुसायला लागली. मग म्हणाली (माहेरी तिचे फोन चालूच असतात), उज्ज्वलाला सगळं ठाऊक होतं. जेवणाच्या दिवशी सकाळीच तिनं पेटी उघडून पाहिली होती आणि जेवणं झाली की मला एकट्याला गाठून हळूच सांगणार होती. त्याआधी मी बोललो. मग चारचौघांत सासऱ्याला खोटं कसं पाडायचं, आणि नाही पाडलं तर बाप खोटा पडतो. दोन्ही बापांची अब्रू तोंडात धरून ती वाढत राहिली. तुम्हाला तिनं चिखली मागे पडल्यावर गाडीतच सांगितलं म्हणे. पंखा केव्हाच बदलला, आकडा बावन्नवर आहे, आणि पेटी तुमच्या ओसरीवर बांधून तयार आहे. फक्त "ज्या घरी माही पारख काढली तिथं म्या ती घेऊन जानार नाही" असं तुम्ही म्हणालात. म्हणजे ज्या गुपितासाठी मी चार पानं लिहिली, ते वडनेरात मिरचीवाल्या बायांनाही पाठ आहे, आणि वाट कशाची पाहिली जात होती, तर याच पत्राची. सत्यभामा म्हणते, फाडा आता ते, फोन करा. पण फोनवर मला रडू येईल, म्हणून धाडतो आहे.

आणखी एक. पंगतीत मी जे म्हणणार आहे ते कवितेत केलं आहे. अकरा कडवी झाली आहेत. आपण शेवटपर्यंत ऐकावं.

भाऊ, ही सत्यभामा लिहून राह्यली. हे तिकीट आनायले गेले व्हते तं पाकीट मी उघडलं. अकराची मी दोन करून घेतो, त्याची काळजी करू नका. पर त्यायले म्हनू द्या. पोरगी गेल्यापासून हे त्या खुर्चीत बसले नाहीत. तुमी या, अन् पोरीले संग आना.